चाक किती वेळा फिरलं?

परवा मी आणि माझा मित्र पालघरहून बोईसरला सायकलने गेलो. रस्ता एकच, पण माझ्या मीटरवर त्याच्यापेक्षा एक किलोमीटर जास्त! मी खूश. मग सेटिंग बघितली. चाक 26 इंची, मीटरमध्ये 28. म्हणजे दर 13 किलोमीटरला एक किलोमीटर फुकटचा.

सायकलचं मीटर अंतर मोजतच नाही. ते फेरे मोजतं आणि परिघाने गुणतं. परीघ म्हणजे व्यास गुणिले 3.1416. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये हीच किंमत दिली होती. 26 इंची चाक एका फेऱ्यात साधारण 2.07 मीटर जातं.

ही युक्ती खूप जुनी. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय: गाडीचं चाक 400 वेळा फिरलं की एक मैल, आणि पेटीत एक खडा पडणार. ब्रिटिश काळात आपल्याकडे सर्व्हेवाले असंच एक चाक ढकलत रस्ते मोजायचे.

पण चाक खड्ड्यात उतरतं, चढतं, वळतं. ते सगळं अंतरात धरलं जातं. म्हणून 1802 मध्ये मद्रासला विल्यम लॅम्ब्टनने देशाच्या मोजणीची पायारेषा आखली, ती चाकाने नाही, 100 फुटी पोलादी साखळीने. पुढचं सगळं त्या एका रेषेवर उभं राहणार होतं. हाच लॅम्ब्टन 1823 मध्ये मोजणीच्या कामावर असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला.

रिक्षाचं मीटरही फेरेच मोजतं. तिथे चुकीचा आकडा थेट खिशातून जातो. कोड लिहिताना मला आता हेच आठवतं: सुरुवातीचा आकडा चुकला, की चूक प्रत्येक फेऱ्याला वाढते.

तुमच्या सायकलची सेटिंग आजच बघा. भेटू पुढच्या भागात!