कारल्यावरची माशी आणि ओकिनावाची चिकाटी

कोवळ्या कारल्यावर फळमाशीने डंख मारला की वरून टाचणीएवढा ठिपका दिसतो. चिरल्यावर आत अळ्या वळवळतात. जपानच्या ओकिनावा बेटांवर या माशीपायी कारली जपानच्या मुख्य भूमीवर पाठवायला बंदी होती. १९७२ मध्ये तिथे निर्मूलन सुरू झाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोषांवर कोबाल्ट-६० चे किरण सोडायचे, वांझ माश्या रानात सोडायच्या. त्यांतल्या नरांशी जुगलेल्या मादीची अंडी उबत नाहीत. मात्र श्रेय एकट्या किरणांना देणे मला पटत नाही. खरे काम मोजणीचे होते. आधी आमिष आणि कीटकनाशक वापरून रानमाश्या कमी केल्या, मग त्यांच्या कितीतरी पट वांझ नर सोडले. १९७८ मध्ये ओकिनावातले कुमे बेट मुक्त झाले, १९९३ पर्यंत सगळा प्रांत. तोवर सुमारे ५,३०० कोटी माश्या सोडल्या गेल्या होत्या.

बेट होते म्हणून जमले, असे म्हणतात. समुद्राची मदत झालीच, पण माशी बेटाबेटावर पसरली तीही समुद्र ओलांडूनच. शिवाय गुरांच्या जखमेत अंडी घालणारी स्क्रूवर्म माशी याच तंत्राने अमेरिकेच्या सलग भूमीवरून हटवली गेली. खर्चाचा आक्षेप मोठा आहे, आणि छोट्या शेतकऱ्याला हे एकट्याने परवडणार नाही हे खरेच. म्हणूनच ओकिनावात तो भार सरकारने उचलला. तेही वीसहून अधिक वर्षे.