वुल्व्हरिन माणूस आहे काय? आयातशुल्काच्या एका खटल्याची गोष्ट

लहान मुलांची प्लॅस्टिकची पेटी डोळ्यांसमोर आणा. झाकणावर अस्वलाचा चेहरा, खाली चाके, आत खडू आणि चित्रकलेची वही. मुलाच्या लेखी ते खेळणे, आईच्या लेखी सामानाची बॅग. बंदरावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला मात्र एकच उत्तर लिहावे लागते. अमेरिकेच्या मूळ दरपत्रकात प्लॅस्टिकच्या सुटकेसवर (शीर्ष ४२०२) २० टक्के, प्लॅस्टिकच्या इतर किरकोळ वस्तूंवर (३९२६) बहुधा ५.३ टक्के आणि खेळण्यावर (९५०३) शून्य टक्के शुल्क आहे.

हे चार आकडी क्रमांक 'हार्मोनाइज्ड सिस्टीम'चे. ही आंतरराष्ट्रीय वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू झाली. तिचा पहिला नियम साधा आहे: आधी शीर्षातील शब्द वाचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटावे. आपणही एका शब्दाच्या अर्थावरून कागदपत्रांशी महिनोन्महिने झुंजतोच की.

शब्दांवरची सर्वांत गमतीदार झुंज बाहुल्यांवरून झाली.

१९६४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने 'जी. आय. जो' हा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत, या भीतीने त्याला 'ॲक्शन फिगर' असे नवे नाव दिले गेले. पुढे शुल्काचा प्रश्न आला, तेव्हा कंपनीने हे खेळण्यातले सैनिक आहेत, बाहुल्या नव्हेत, असे म्हटले. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने ते मानले नाही. जाहिरातीने घडवलेले नाव कायद्यापुढे टिकले नाही.

मग 'टॉय बिझ'चा खटला उभा राहिला. ही कंपनी एक्स-मेन आणि स्पायडरमॅनच्या जगातील पात्रांच्या प्लॅस्टिकच्या मूर्ती चीनमधून आणत असे. बाहुलीवर १२ टक्के शुल्क होते, तर प्राणी, यंत्रमानव, राक्षस अशा मानवेतर खेळण्यांवर ६.८ टक्के. बाहुलीच्या शीर्षात 'केवळ मानवाचे रूप दर्शवणाऱ्या' असा शब्दप्रयोग होता. सारा वाद त्या 'केवळ'पाशी येऊन थांबला. हाताच्या पाठीतून पाते बाहेर येणारा वुल्व्हरिन 'केवळ' मानव आहे काय?

न्यायाधीश जुडिथ बार्झिले यांनी मूर्ती न्याहाळल्या, पात्रांच्या कथाही विचारात घेतल्या. जानेवारी २००३ मध्ये त्यांनी निर्णय दिला की ही पात्रे मानवेतर आहेत आणि म्हणून ती खेळणी आहेत. कंपनी जिंकली.

वाचकांचा संताप मात्र अनावर झाला, आणि मला तो रास्त वाटतो. एक्स-मेनच्या साऱ्या कथांचा गाभा हाच की समाज ज्यांना राक्षस ठरवतो, ती माणसेच आहेत. त्याच कथांच्या मालकाशी जोडलेली कंपनी ५.२ टक्के शुल्क वाचवण्यासाठी न्यायालयात नेमका उलट युक्तिवाद करत होती. कथेतल्या खलनायकालाही याहून धारदार वाक्य सुचले नसते.

आणखी एक गंमत. माल १९९० च्या दशकातला, निकाल २००३ चा. १९९५ पासून अमेरिकेत बाहुल्या आणि खेळणी दोन्ही शुल्कमुक्त होती, म्हणजे भांडण जुन्या परताव्याचेच उरले होते. २००७ च्या सुधारणेत तर बाहुली आणि खेळणे एकाच ९५०३ खाली आले.

आता ती अस्वलाची पेटी. अमेरिकी न्यायालये ४२०२ साठी चार कामे पाहतात: वस्तू नीट मांडणे, साठवणे, जपणे, वाहून नेणे. मोबाइलच्या प्लॅस्टिक कव्हरांविषयी २०१६ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की फोन आत असतानाही वापरता येतो, म्हणून ती या वर्गात बसत नाहीत. पेटीचे तसे नाही. खडू हवे असतील तर झाकण उघडावेच लागते. तिच्यावर अस्वल असले तरी ती सुटकेसच ठरण्याचा संभव अधिक.

भारतात चित्र उलटे आहे. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. न्हावाशेवा बंदरात हीच पेटी उतरवणारा आयातदार बहुधा हात जोडून सांगेल, "साहेब, हे खेळणे नाही हो, बॅग आहे."