शीतजल आंतरशीतक

टर्बोचार्जर किंवा सुपरचार्जरने दाबलेली हवा एंजिनात शिरण्यापूर्वी पाण्याच्या साहाय्याने थंड करणारी यंत्रणा. हवा दाबली की तापते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय तिच्यामुळे पेट्रोल एंजिनात नॉकिंग (इंधन-हवेचे मिश्रण अवेळी आपोआप पेटणे) होण्याचा धोका वाढतो. ६०° से. तापमानाची हवा त्याच दाबाला ३०° से. पर्यंत उतरवली, तर तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी वाढते आणि त्या प्रमाणात जास्त इंधन जाळता येते. पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या सुमारे चौपट असल्याने आटोपशीर उष्णता विनिमयक पुरतो.

एरवी हे पाणी मोटारीच्या पुढच्या भागातील छोट्या रेडिएटरमध्ये निवते. म्हणजे बाहेरच्या हवेहून थंड ते होऊच शकत नाही. ड्रॅग शर्यतीतले चालक ही मर्यादा या पाण्याच्या टाकीत चक्क बर्फ भरून ओलांडतात. १ किग्रॅ. बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता शोषतो. काही सेकंदांच्या शर्यतीला तेवढे पुरते, रोजच्या प्रवासाला नाही. २०१८ च्या डॉज चॅलेंजर एसआरटी डीमन या मोटारीत शर्यतीच्या वेळी वातानुकूलन यंत्रणेतील शीतकद्रव्य वळवून हे पाणी गार केले जाते. तेवढा वेळ चालकाला मात्र गारव्याविना बसावे लागते.