चालकाविना गाडी आणि तिचे उमेदवार



ज्या गाडीला चालकच नको, त्या गाडीच्या कंपनीत नोकरी मागायला कोण जाणार, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. मोटारीच्या स्टिअरिंगवरून एक माणूस उठवावा म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अमेरिकेत हजारो माणसे नेमण्यात आली. त्यांत गणिती आले, संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे आले, नकाशे करणारे आले, आणि नवल असे की, चालकही आले! या माणसांना कसे निवडले, त्यांना काय विचारले आणि काय विचारायचे राहून गेले, एवढेच मला आज सांगायचे आहे. यंत्राच्या रचनेवर अधिकाराने बोलणारा मी नव्हे. निवड समित्यांवर बसून भल्याबुऱ्या निवडी करण्याचे पाप मात्र माझ्या पदरी आहे. तेव्हा त्या बाजूने चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आरंभ मात्र मोटारीपासून नव्हे, ट्रामपासून करावा लागतो. मुंबईत विजेची ट्राम 1907 साली आली आणि 1964 साली गेली. ज्यांनी ती पाहिली त्यांना रुळांवर आडवीतिडवी येणारी माणसे आणि घंटा बडवणारा ड्रायव्हर आठवत असेल. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी हाच देखावा होता आणि अपघातही पुष्कळ होत. तेव्हा ट्रामचा ड्रायव्हर नेमताना त्याची काही शास्त्रीय परीक्षा घेता येईल काय, हा प्रश्न हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांच्यापुढे आला. हे गृहस्थ मूळचे जर्मन. 1912 च्या सुमारास त्यांनी जी युक्ती काढली ती इतकी सुंदर आहे की, तिच्यापाशी थोडे थांबलेच पाहिजे.

त्यांनी चौकटी आखलेली पत्ती घेतली. मधोमध दोन जाड रेघा, म्हणजे ट्रामचे रूळ. दोन्ही बाजूंच्या चौकटींत 1, 2 आणि 3 हे आकडे विखुरलेले. 1 म्हणजे पायी चालणारा माणूस, त्याची चाल एक घर. 2 म्हणजे घोडा, त्याची दोन घरे. 3 म्हणजे मोटार, तिची तीन घरे. काळे आकडे रुळांना समांतर जाणारे, म्हणून निरुपद्रवी. तांबडे आकडे रुळांच्या दिशेने येणारे. उमेदवाराने हँडल फिरवीत एकामागून एक पत्ती डोळ्यांखालून घालायची आणि कोणता तांबडा आकडा आपली घरे चालून नेमका रुळांवर येणार, तेवढेच पटापट सांगायचे. रुळांपासून चार घरे लांब असलेला तांबडा 3 धोक्याचा नाही, कारण तो अलीकडेच थांबतो. एकाच घरावर असलेला तांबडा 2 रूळ ओलांडून पलीकडे जातो. पण दोन घरांवरचा तांबडा 2 नेमका चाकाखाली येतो. परीक्षा दृष्टीची नव्हती, हातापायांच्या चपळाईचीही नव्हती. समोर दिसते त्यावरून पुढच्या क्षणी काय होईल हे ताडण्याची आणि ते लक्ष क्षणभरही न ढळू देण्याची ती परीक्षा होती. चालकाचे काम म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही. पुढच्या कथेत हा तांबडा आकडा पुन्हा भेटणार आहे, म्हणून तो ध्यानात असू द्यावा.

आता नव्वद वर्षे ओलांडून थेट वाळवंटात येऊ. लष्करी वाहनांपैकी एकतृतीयांश वाहने 2015 पर्यंत माणसाविना चालावीत, असे उद्दिष्ट अमेरिकेच्या काँग्रेसने या शतकाच्या तोंडावर घालून दिले. ते गाठण्यासाठी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने कोणाला अर्ज मागवले नाहीत. तिने शर्यत लावली. 13 मार्च 2004 रोजी मोहावीच्या वाळवंटात 142 मैलांचा मार्ग आखला आणि दहा लाख डॉलरांचे बक्षीस ठेवले. पंधरा वाहने निघाली. एकही पोहोचले नाही. सर्वांत लांब गेलेली कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी सात-साडेसात मैलांवर अडकून पडली. अँथनी लेवांडोवस्की नावाच्या तरुणाने तर स्वतः तोल सांभाळणारी मोटारसायकल आणली होती. तोल सांभाळणारे यंत्र सुरू करायलाच तो विसरला आणि ती सुरुवातीच्या रेषेपाशीच आडवी झाली. कोणत्याही मुलाखतीत असा उमेदवार क्षणात बाद झाला असता. आज ती मोटारसायकल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे!

दुसऱ्याच वर्षी, 8 ऑक्टोबर 2005 रोजी सुरू झालेल्या शर्यतीत, पाच वाहने 132 मैल पार करून गेली. सात तासांच्या आत मार्ग संपवून स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ पहिली आली. तिच्या चमूचे प्रमुख सेबास्टियन थ्रन. 2007 साली शहरी रस्त्यांसारख्या मार्गावर तिसरी शर्यत झाली, तीत कार्नेगी मेलनची ‘बॉस’ जिंकली. तिची तांत्रिक बाजू ख्रिस अर्मसन सांभाळीत होते. आता पुढचा योग पाहा. 2009 साली गूगल कंपनीने चालकाविना मोटारीचे काम गुपचूप हाती घेतले, तेव्हा थ्रन, अर्मसन, मोटारसायकलवाला लेवांडोवस्की, स्टॅनलीची आज्ञावली रचणारे माइक माँटेमेर्लो, स्टॅनफर्डच्या 2007 च्या चमूतले दिमित्री डोल्गोव ही मंडळीच तेथे एकत्र आली. यांची मुलाखत वाळवंटानेच घेऊन ठेवली होती. खडक, धूळ आणि उतार यांच्यापुढे कोणाची शिफारस चालत नाही आणि कोणाची पदवीही चालत नाही. या धंद्याच्या इतिहासात ज्याला निखळ म्हणता येईल असे निवडीचे साधन मला हेच दिसते.

पण शर्यत रोज भरवता येत नाही आणि कंपनीला माणसे रोज लागतात. मग मुलाखत आली. गूगलची त्या काळची कीर्ती कोड्यांबद्दल होती. 2004 साली कॅलिफोर्नियातील 101 क्रमांकाच्या हमरस्त्यावर एक भलामोठा फलक लागला. त्यावर कंपनीचे नाव नाही, नोकरीचा उल्लेख नाही. गणितातील ‘ई’ या संख्येच्या दशांशांत सलग येणारी पहिली दहा आकडी मूळसंख्या शोधा, एवढाच मजकूर. ती सापडली की दुसरे कोडे, आणि ते सुटले की अर्ज पाठवण्याचे निमंत्रण! ही खोड जुनीच आहे. 1921 साली थॉमस एडिसन आपल्याकडे येणाऱ्या पदवीधरांना शंभराहून अधिक सटरफटर प्रश्नांची यादी देत असे. त्याच वर्षी अमेरिकेत आलेल्या आइनस्टाइनना त्यांतला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न कोणी घातला, तेव्हा जे पुस्तकात मिळते ते मी डोक्यात वागवीत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनीही 2013 साली जाहीरपणे कबूल केले की, कोड्यांवरून माणूस कामाला कसा निघेल हे मुळीच कळत नाही. मात्र हे कळायला कंपनीला बराच काळ लागला. आमच्या समित्यांना ते अजून कळलेले नाही, पण ते असो.

पुढे मुलाखतीचा एक ठराविक साचा पडला. आधी फोनवर बोलणे. मग दूर बसून, परीक्षकाच्या नजरेखाली आज्ञावलीचा तुकडा लिहिणे. त्यातून तरला तर कंपनीत बोलावून दिवसभर एकामागून एक चार-पाच मुलाखती. फळ्यासमोर उभे राहून गणित सोडवायचे आणि सोडवताना मोठ्याने विचारही करायचा. दोन बिंदूंमधला जवळचा मार्ग संगणकाला कसा शोधायला लावाल? यंत्राच्या डोळ्यांना दिसणारी वस्तू मध्येच ट्रकआड गेली, तर ती आता कोठे असेल याचा अंदाज कसा बांधाल? हा शेवटचा प्रश्न म्हणजे म्यून्स्टरबर्गचा तांबडा आकडाच, फक्त तो आता आज्ञावली लिहिणाराला विचारला जाऊ लागला.

2015 च्या आसपास या उमेदवारांचे भाव असे चढले की आपल्याला खोटे वाटावे. त्या वर्षी उबर कंपनीने कार्नेगी मेलनच्या यंत्रमानव केंद्रातून सुमारे 40 माणसे एका झपाट्यात उचलली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टेस्लाचे इलॉन मस्क यांनी जाहीर केले की, या कामाच्या उमेदवारांच्या मुलाखती आपण जातीने घेऊ. 2020 साली तर ते म्हणाले की, डॉक्टरेट नको, शाळा पुरी केली नसली तरी चालेल, पण आज्ञावली लिहिण्याची कठीण परीक्षा उत्तीर्ण झालीच पाहिजे. मस्क यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांच्या जाहीर आवाहनावरून निवडला गेलेला पहिला माणूस अशोक एल्लुस्वामी. हे चेन्नईच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे कार्नेगी मेलनमध्ये शिकलेले. 2016 साली थ्रन यांनी हिशेब मांडला की, या विद्येतल्या एकेका माणसामागे कंपन्या एक कोटी डॉलर मोजीत आहेत; आणि त्याच वर्षी ही विद्या घरबसल्या शिकवणारा पाठ्यक्रमही त्यांनी आपल्या शिक्षणसंस्थेतून सुरू केला. मागणी ओळखावी ती अशी!

पैशाने माणसे आली तशी पैशानेच गेली. लेवांडोवस्कीला गूगलकडून बारा कोटी डॉलरांहून अधिक मिळाले होते. तरी 2016 साली तो बाहेर पडला, स्वतःची कंपनी काढली आणि काही महिन्यांत ती उबरने विकत घेतली. जाताना त्याने सुमारे 14,000 कागदपत्रे उतरवून नेली, असा दावा लावीत गूगलच्या वेमो या कंपनीने फेब्रुवारी 2017 मध्ये उबरला कोर्टात खेचले. पुढल्या फेब्रुवारीत साडेचोवीस कोटी डॉलर किमतीचे भाग देऊन उबरने तडजोड केली. लेवांडोवस्कीला 2020 साली अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि 2021 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांनी ती माफ केली. ज्याला निवडताना वाळवंटाने बुद्धी पाहिली, त्याची दानत पाहण्याचे काम वाळवंटाचे नव्हते.

हे झाले दिवाणखान्यातले उमेदवार. ओसरीवरचे उमेदवार वेगळेच. चालकाविना गाडी रस्त्यावर पाजळायची तर सुरुवातीची काही वर्षे तिच्यात एक माणूस बसवणे भागच होते. गाडी चुकली तर स्टिअरिंग धरायचे, एरवी काही करायचे नाही. 2016 च्या मे महिन्यात अॅरिझोनातील फीनिक्स भागासाठी गूगलने अशी माणसे मागवली. ताशी वीस डॉलर वेतन, दिवसाचे सहा ते आठ तास, आठवड्याचे पाच दिवस. पात्रता काय? पदवी हवी, वाहन चालवण्याची नोंद स्वच्छ हवी, गुन्हा नसावा, आणि मिनिटाला 40 शब्द टंकलेखन यावे! हे वाचून मला हसू आवरेना. आपल्या सरकारी कचेरीतल्या लिपिक-टंकलेखकालाही इंग्रजीचा वेग चाळीसचाच लागतो. गाडीचे वागणे टिपून ठेवायचे म्हणून ही अट, हे समजण्यासारखे आहे. पण तासन् तास काहीही न करता लक्ष जागे ठेवणे हे जे त्या कामाचे मर्म, ते मोजणारी एकही अट त्या यादीत नाही. बोस्टनच्या ट्रामवाल्याला जे विचारले गेले, ते शंभर वर्षांनी विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

आता जे घडले ते दुसऱ्या कंपनीत घडले, हे आधी स्पष्ट करतो. 18 मार्च 2018 च्या रात्री, दहाच्या सुमारास, अॅरिझोनातील टेंपी गावी सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उबरच्या चाचणीच्या गाडीने धडक दिली आणि ती मरण पावली. पूर्वी अशा गाडीत दोघे बसत. कंपनीने एकालाच बसवायला सुरुवात केली होती. त्या एकट्या व्यक्तीची नजर फोनवर होती.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2019 साली निष्कर्ष दिला. यंत्राला ती स्त्री धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण यंत्र तिला कधी मोटार समजले, कधी ‘इतर वस्तू’, कधी सायकल. आणि प्रत्येक वेळी नाव बदलताना ती आतापर्यंत कोणत्या दिशेने आली, हे विसरून अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधीत राहिले. त्यामुळे ती आपल्या वाटेवर येणार, हे त्याला वेळेत कळलेच नाही. म्हणजे तांबडा आकडा यंत्रालाही ओळखता आला नाही, आणि ज्याला तो ओळखण्यासाठी बसवले होते त्याने पत्तीकडे पाहिले नाही. मंडळाने दोष दोघांनाही दिला: व्यक्तीच्या दुर्लक्षाला आणि तिच्यावर देखरेख न ठेवणाऱ्या कंपनीच्या ढिलाईलाही. फौजदारी कायद्याने मात्र 2019 सालीच सांगितले की, कंपनीवर खटला होऊ शकत नाही. खटला झाला तो गाडीत बसलेल्या व्यक्तीवर. 2023 साली गुन्हा कबूल झाला आणि तीन वर्षांची देखरेखीची शिक्षा झाली. ज्यांच्या निवडीसाठी दिवसभराच्या मुलाखती होत होत्या, त्यांपैकी कोणाला त्या कोर्टात आरोपी म्हणून उभे राहावे लागले नाही. मला हा हिशेब काही केल्या पटत नाही. उबरने तो विभाग 2020 च्या डिसेंबरात विकायला काढला, आणि तो घेतला अरोरा या कंपनीने; तिच्या संस्थापकांपैकी एक, वाळवंटातले तेच ख्रिस अर्मसन.

वेमोने 2020 च्या ऑक्टोबरात फीनिक्समध्ये रिकाम्या आसनाची गाडी सर्वसामान्य उतारूंसाठी सुरू केली, तेव्हा वीस डॉलरांच्या त्या माणसाची जागाही त्या गाडीपुरती संपली. त्याऐवजी दूरच्या खोलीत पडद्यासमोर बसणारी माणसे नेमण्यात आली. पुढचा रस्ता बंद आहे की काय, अशी शंका गाडीला आली की ती या माणसाला प्रश्न विचारते. तो उत्तर देतो. ते मानायचे की नाही, हे गाडी ठरवते.