घटनांच्या गुंफणीकडून यमूच्या आवाजाकडे

बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकाव्याचे 'कादंबरी' हे नाव मराठीत एका संपूर्ण साहित्यप्रकाराला मिळाले आणि काही काळ ते शोभलेही, कारण लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या 'मुक्तामाला' (१८६१) सारख्या अद्भुतरम्य कृतींत कथानक, म्हणजे घटनांची गुंफण, हेच सर्वस्व होते व पात्रे बहुधा सद्गुण-दुर्गुणांचे पुतळेच असत. त्याआधीच्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) मध्ये विधवांची स्थिती आली खरी, पण तेथे कथेवर धर्मोपदेश वरचढ ठरला. हरिभाऊ आपट्यांनी मात्र १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये निवेदन, म्हणजे कथा सांगणारा आवाज, खुद्द नायिका यमूकडेच सोपवले. त्यामुळे ब्राह्मणी घराचे माजघर केवळ स्थळ न राहता संघर्षाचे मूळच बनले.