जी.बी. महाजन विरुद्ध जळगाव नगरपरिषद

जी.बी. महाजन विरुद्ध जळगाव नगरपरिषद हा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर १९९० रोजी दिलेला निकाल आहे. शहरातील नगरपरिषदेच्या जागेवर व्यापारी संकुल उभारण्यासाठी एकाच खाजगी विकासकाशी करार करण्याचा अधिकार नगरपरिषदेला आहे काय, आणि अशा निर्णयात न्यायालयाने कितपत हस्तक्षेप करावा, हे या खटल्यातील मुख्य प्रश्न होते. न्यायालयाने करार वैध ठरवला. भारतीय प्रशासकीय कायद्यात 'वाजवीपणा' या संकल्पनेच्या विवेचनासाठी हा निकाल पुढेही उद्धृत केला गेला.

पार्श्वभूमी

जळगाव हे खानदेशातील व्यापारी शहर आणि जिल्ह्याचे मुख्यालय आहे. खटल्याच्या वेळी तेथे नगरपरिषद होती. २१ मार्च २००३ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. नगरपरिषदेने आपल्या मालकीच्या जागेवर व्यापारी संकुल बांधण्याची योजना आखली. या कामासाठी स्वतः भांडवल न गुंतवता विकासकाच्या पैशाने बांधकाम करून घेण्याची पद्धत तिने निवडली. संकुलाचा खर्च विकासकाने करावा, ठरलेला बांधीव भाग नगरपरिषदेच्या हवाली करावा आणि उर्वरित भागाच्या वापराचे हक्क इतरांना देऊन आपला खर्च व नफा वसूल करावा, असे या व्यवस्थेचे सर्वसाधारण स्वरूप होते.

या कराराला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. तेथे यश न आल्याने याचिकाकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

कायदेशीर चौकट

राज्यातील नगरपरिषदांचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' यानुसार चालतो. अधिनियमाच्या कलम ९२ नुसार राज्य शासनाच्या मंजुरीवाचून नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता हस्तांतरित करता येत नाही. तसा प्रस्ताव पाठवण्यासाठी एकूण सदस्यसंख्येच्या किमान दोन-तृतीयांश बहुमताने ठराव संमत व्हावा लागतो. तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला यातून सवलत आहे, मात्र अशा भाडेकरूला जागेवर कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. कलम ३०८ अन्वये नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी विशिष्ट कारणांसाठी स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

निकाल

निकालपत्र न्यायमूर्ती एम.एन. वेंकटचलय्या यांनी लिहिले. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. एखादा प्रकल्प मुळात कायदेशीर असेल, तर नगरपरिषदेने तो स्वतः न राबवता त्याचा वित्तपुरवठा व बांधकाम विकासकाकडे सोपवले, एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. योजना रूढ पद्धतीहून वेगळी आहे, या आक्षेपाने कायदेशीर युक्तिवादाला बळ मिळत नाही. तिला कायद्यात मनाई आहे काय, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे असतो. अपील फेटाळण्यात आले.

वाजवीपणाची कसोटी

खाजगी व्यक्तीच्या निष्काळजीपणाचा विचार करताना 'वाजवी मनुष्य' काय करील, हे न्यायालय ठरवते. सार्वजनिक संस्थेच्या निर्णयाला ही कसोटी लागू होत नाही, असे निकालात स्पष्ट केले आहे. येथे अधिकाराचा योग्य वापर झाला की गैरवापर, हे तपासावे लागते. न्यायाधीशाला स्वतःला दुसरा पर्याय अधिक चांगला वाटला, तरी तेवढ्यावरून नगरपरिषदेचा निर्णय रद्द होत नाही.

या विचाराचे मूळ इंग्लंडमधील १९४७ च्या 'वेन्सबरी' निकालात आहे. तो वादही एका नगरसंस्थेशी संबंधित होता. रविवारच्या चित्रपट-खेळांना पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, अशी अट परवान्यात घातल्याने एका चित्रपटगृह कंपनीने तिला आव्हान दिले होते. कोणत्याही समंजस संस्थेने घेतला नसता इतका निर्णय अवाजवी असेल, तरच न्यायालय हस्तक्षेप करील, असे तेथे ठरले. भारतात 'टाटा सेल्युलर' (१९९४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय निविदांच्या न्यायिक पुनर्विलोकनाची तत्त्वे विस्ताराने मांडली. न्यायालय निर्णयाच्या गुणदोषांऐवजी निर्णयप्रक्रिया तपासते, हे त्यांतील प्रमुख तत्त्व आहे.

लखनौ प्रकरणाशी तुलना

विकासकाशी केलेला प्रत्येक करार टिकतोच असे नाही. लखनौ येथील नगर महापालिकेने अमीनाबाद भागातील झंडेवाला उद्यानाखाली भुयारी बाजार बांधण्याचे काम १९९३ मध्ये निविदा न मागवता एका विकासकाला दिले. 'एम.आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू' या खटल्यात २६ जुलै १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा करार बेकायदेशीर ठरवला. सार्वजनिक उद्यान ही लोकांच्या वतीने सांभाळायची ठेव असून महापालिकेला ती अशा रीतीने देता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. बरेचसे बांधकाम झालेले असतानाही ते पाडून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश देण्यात आला.

दोन्ही ठिकाणी जागा सार्वजनिक आणि भांडवल खाजगी होते. तरीही जागेचा प्रकार आणि विकासक निवडण्याची प्रक्रिया यांमुळे लखनौचा करार टिकला नाही.

महत्त्व

१९६५ चा अधिनियम लहान-मोठ्या सर्व नगरपरिषदांना लागू आहे. बालाजी मंदिरासाठी परिचित असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाची नगरपरिषदही त्याच्याच कक्षेत येते. लहान शहरांच्या नगरपरिषदांकडे बाजारपेठेतील मोक्याच्या जागा असतात, पण त्या विकसित करण्याइतके भांडवल बहुधा नसते. त्यामुळे विकासकाशी करार करण्याचा पर्याय त्यांच्यापुढे वारंवार येतो.

जळगावच्या निकालाने हा मार्ग मोकळा ठेवला आणि त्याबरोबर सभागृहावरील जबाबदारीही अधोरेखित झाली. नगरपरिषदेच्या वाट्याला येणारे क्षेत्र पुरेसे आहे काय, जुन्या गाळेधारकांचे काय होणार, भाडेपट्ट्याची मुदत किती असावी, हे प्रश्न धोरणाच्या कक्षेत येतात. प्रक्रिया कायदेशीर असेल, तर केवळ सौदा तोट्याचा झाला म्हणून न्यायालय सहसा तो मोडत नाही. म्हणून सौद्याचे गुणदोष तपासण्याची खरी जागा ठराव संमत होण्यापूर्वीची नगरपरिषदेची सभा हीच ठरते.