चहा म्हणावे तर गवत

परवा पुण्याहून नात आली. येताना तिने एक देखणे पाकीट आणले. चिनी चहा, रानातल्या पानांचा, कॅफिन अजिबात नाही. रात्री झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी माझा चहा तोडला, हे तिच्या कानावर गेले होते. पाणी उकळले, पाने टाकली, वास घेतला आणि म्हणालो, "अगं, हा तर काढा!"

"आजोबा, याला हर्बल टी म्हणतात."

बरे, म्हणू.

पण मास्तरकीची खोड जात नाही. चहा म्हणजे एका ठरावीक झुडपाची पाने आणि कॅफिन त्या पानांत असते. दुसऱ्या पाल्याला चहा म्हणायचे तर ते नाव उसनेच. गंमत अशी की, खुद्द चीनमध्येही ही उसनवारी चालते. दक्षिणेकडच्या ग्वांगडाँग प्रांतात अंगातली उष्णता उतरावी म्हणून 'ल्यांग-चा' पितात. अर्थ 'थंड चहा', पण बऱ्याचदा पितात गरमच! त्यात शेवंतीची फुले, ज्येष्ठमध, नाना प्रकारचा झाडपाला. चहाचे पान बहुधा नसतेच. २००६ साली चीनने तो आपल्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातला. आपला 'चहा' हा शब्दही मुळात त्याच 'चा'पासून आलेला.

मग माझ्या डोळ्यांसमोर आला आमच्या वणीच्या जुन्या घरामागचा गवती चहा. मोरीचे पाणी जिथे जाई, तिथे त्याचे दांडगे बेट होते. पात तोडताना बोट कापायचे आणि दिवसभर हाताला लिंबासारखा वास यायचा. (तो वास सिट्रल नावाच्या द्रव्याचा. लिंबाच्या सालीतही तेच असते.)

सप्तशृंगीचा गड म्हणजे हनुमंत नेत असलेल्या द्रोणागिरीचा खाली पडलेला तुकडा, अशी आमच्याकडची कथा. त्यामुळे गडावरचे प्रत्येक पान औषधी, असे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण गवती चहा काही गडावरचा नव्हे. त्याचा भाऊबंद रोशा गवत मात्र खरे रानातले. शेजारच्या खानदेशात त्याचे तेल काढत. ते मुंबईहून पार तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! गवती चहाला आपल्याकडे सहसा फूल येत नाही, बी धरत नाही. बेट फोडून कोंब लावावा लागतो. म्हणजे एका बाईने दुसरीला दिल्याशिवाय तो या परसातून त्या परसात जायचा नाही.

आता खरा चहा येण्याआधी या गवताला चहा म्हणणार तरी कोण? आणि खरा चहा आपल्या घरात शिरला तो काही सुखासुखी नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसती पुढ्यात राहू दिली. गोपाळराव जोशांनी नावे छापून आणली आणि पुढे टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. दोष अर्थात चहाचा नव्हता, मिशनऱ्यांच्या हातचा होता. पुढे १९३०च्या सुमारास आसामात पाने चिरडून, फाडून त्यांचे दाणे करणारे यंत्र आले. स्वातंत्र्यानंतर ती स्वस्त, कडक पावडर खेडोपाडी पोचली. चाळीस-पन्नास वर्षांत चहा हा पाहुणचार झाला आणि काढा झाला गरिबीची खूण. असो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९७२च्या दुष्काळात मी नुकताच मास्तर झालो होतो. घरात दूध नाही, पावडर नाही. अशात एकदा शाळा तपासायला आलेले साहेब आमच्या घरी आले. आईने गवती चहाची पात गाठ मारून पाण्यात टाकली, गूळ घातला, आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. मी तो उचलला. "साहेब, थांबा, हा राहू द्या. खरा चहा येतोय," म्हणालो आणि उधारीवर पुडी आणायला धावलो. परत आलो तेव्हा साहेब भिंतीवरची तसबीर बघत बसले होते. आई दारातच उभी होती.

ती मला काही बोलली नाही. मात्र त्यानंतर माझ्या कोणत्याही पाहुण्यापुढे तिने तो चहा ठेवला नाही. स्वतः मात्र शेवटपर्यंत तोच प्यायली. मी कधी मागितला नाही आणि तिनेही कधी "घेतोस का?" असे विचारले नाही.

हे सगळे नातीला सांगितले. ती म्हणाली, "मग आत्ता करा ना." जुने घर केव्हाच गेले, पण तिथून आणलेला कोंब इथे नळाशी लावला आहे. गूळ किती घालायचा, हे मात्र मला माहीत नव्हते. पहिल्या खेपेला फार गोड झाला.

जाताना तिने बाल्कनीत लावायला कोंब मागितला. ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. चिनी पाकीट फडताळात आहे, तेही अधूनमधून घेतो. वाईट नाही.